राहून गेलेलं ‘बहुधा’

आमच्या संस्थेत सगळ्यांची एक आत्या होती आणि तिला सख्खा भाऊ नव्हता. भाऊ नाही म्हणजे भाचरं नाहीत, आणि भाचरं नाहीत तर बाई आत्या कशी, असं एखाद्या नव्याने विचारलं की आम्ही त्याला तिच्या टेबलाशी नेऊन उभं करायचो. तिथे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच काम करताना दिसायची: नावं ठेवण्याचं. म्हणून आत्या. हे बिरूद तिला चिकटवलं कोणी ते मी सांगत नाही, पण मला संस्थेत सगळे भोंगा म्हणत, त्यावरून काय तो अंदाज बांधा.

मी तळघरातल्या स्टोअरचा राखणदार. काचसामान, रसायनं, हातमोज्यांची खोकी आणि जुने कागद हा माझा संसार. आत्या वर तिसऱ्या मजल्यावर. संस्थेचा उद्योग जिवाणूंचा. कुठल्याशा खाऱ्या चिखलातून, उकळत्या झऱ्यातून, नाहीतर गुराच्या पोटातून जिवाणू आणायचा आणि त्याची झाडून सगळी जनुकं वाचून काढायची. एकदोन नव्हे, एकेकाची चार-पाच हजार. जनुक म्हणजे पेशीने जपून ठेवलेली चिठ्ठी, अमुक प्रथिन असं असं बनव म्हणून. आणि प्रथिन म्हणजे पेशीतला कामगार. कोणी साखर आत ओढतो, कोणी कचरा बाहेर टाकतो, कोणी नुसता दाराशी उभा असतो. चिठ्ठ्या वाचायला मशीन होतं. पण हा कामगार दिवसभर करतो काय, ते मशीनला कळत नसे. संगणक फार तर एवढंच सांगे की हा गडी अमक्या जिवाणूतल्या तमक्यासारखा दिसतो, शंभरातली इतकी अक्षरं जुळतात. पुढचं आत्या ठरवायची.

तिचे नियम कडक. नव्वद अक्षरं जुळली की सरळ नाव. साठ-सत्तर जुळली की नावाआधी एक शब्द, ‘बहुधा’. तिसाच्या खाली गेलं की ‘काम माहीत नाही’, आणि अगदीच मोह झाला तर पुन्हा ‘बहुधा’. आधी छापील कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहायचं, मग संगणकात चढवायचं, शेवटी आपली आद्याक्षरं आणि तारीख. पेन्सिलीला टोक इतकं की कागदाने अंग चोरावं. तिच्या टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलेलं, दांडा फिरवायचं एक टोकयंत्र होतं. दिवसातून पंधरा वेळा त्याची घरघर ऐकू आली की मजल्यावरचे लोक म्हणत, चला, अजून एकाचं नाव ठरलं.

एकतीस वर्षांत तिची एकही नोंद चूक म्हणून परत आलेली नव्हती. हे ती स्वतःहून कोणाला सांगायची नाही. पण दुसऱ्या कोणी सांगायला घेतलं तर त्याला अडवायचीही नाही.

राहायची एकटी, दोन खोल्यांत. आई होती तोवर दोघी होत्या. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला निघाले की ही टेबलावरच डबा उघडणार, एक उकडलेला बटाटा आणि पुडीतलं मीठ. चहासुद्धा थर्मासमधला, तिथेच. अगदी सुरुवातीची तीन वर्षं मात्र ती रोज चार वाजता खाली माझ्याकडे चहाला यायची. रसायनं गरम करायच्या शेगडीवर मी चहा करत असे. आता सांगायला हरकत नाही, पेन्शन मंजूर झाली आहे. मग एका दिवसापासून ती यायचीच बंद झाली आणि मला भोंगा म्हणायचंही तिने सोडलं. तेव्हापासून मी ‘स्टोअरकीपर’. मी म्हटलं, बाईला ताठा चढला.

तिच्याबद्दल संस्थेत एक कहाणी होती. नवा माणूस आला की आठवड्याच्या आत त्याला ती कळायचीच. आत्याचं लग्न झालं होतं. नवरा मशीनच्या कंपनीतला इंजिनिअर. सहा महिन्यांत सोडून गेला, हिच्या जिभेला कंटाळून. कोणी म्हणे परदेशी गेला, कोणी म्हणे एक मुलगी पण आहे आणि ती बापाकडे असते. नव्या पोरी तिच्याशी जपून, हळू आवाजात बोलायच्या, आजाऱ्याशी बोलतात तसं. गेटवरच्या गार्डने हे सगळं मला रंगवून सांगितलं तेव्हा मीसुद्धा चुकचुकलो. बिचारी, म्हटलं.

तिच्या निवृत्तीला बारा दिवस होते. मी तर केव्हाच निवृत्त झालो होतो, पण तळघरातलं कुठलं खोकं कुठे आहे ते माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नसल्याने मला हलवायची कोणाची छाती नव्हती. सकाळी साडेदहाला दारात सावली पडली. मी वर पाहिलं तर आत्या. अठ्ठावीस वर्षांनी.

“स्टोअरकीपर, मिठाच्या तळ्यातल्या जिवाणूचे कागद कुठे आहेत?”

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. कशाला हवेत म्हणून मी विचारलं. माझ्या कानावर काही बातमी घातल्याशिवाय माझ्याकडून कोणाला काही मिळत नसे, हे तिला माहीत होतं. शेवटी तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेतल्या मुलीची चिठ्ठी होती ती. मुलगी एका रोगट मातीतल्या जिवाणूवर काम करत होती. त्याच्यातलं एक प्रथिन लोह आत ओढतं, अशी त्याची नोंद. तेवढं तिला नळीत करून दाखवायचं होतं, त्याच्यावर तिची पदवी अवलंबून. दोन वर्षं झाली, प्रथिन लोहाला हात लावायला तयार नाही. खाली तिने लिहिलं होतं: ‘नोंद तर सगळीकडे हेच सांगते. माझ्या गाइडचं म्हणणं आहे की माझे हातच वाईट आहेत, आणि आता मलाही तसंच वाटतं. ह्या महिनाअखेर मला ठेवायचं की नाही ते ते ठरवणार आहेत. तुमच्या संस्थेत नोंदी बघणारं कोणी असेल तर एवढंच सांगा, दोष माझ्या हातांत आहे का?’

अशी पत्रं संस्थेच्या पत्त्यावर ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात. आत्याने हे उचललं आणि मुलीच्या जिवाणूला हे नाव मिळालं कुठून ते शोधायला बसली. तिथे लिहिलेलं, ह्या दुसऱ्या जिवाणूशी जुळतं म्हणून. त्या दुसऱ्याचं उघडलं, तर तिसऱ्याशी जुळतं म्हणून. तिसऱ्याचं चौथ्याकडून. नवा जिवाणू वाचला की यंत्रं जुन्याचं नाव त्याला लावून मोकळी होतात, विचारायला कोण बसलंय. अकरा घरं मागे जाता जाता दोन दिवस गेले. नळीत करून कोणीही पाहिलेलं नव्हतं, प्रत्येकाने आधीच्याकडून ऐकलेलं होतं. बाराव्या घरी मिठाच्या तळ्यातला जिवाणू, आणि त्याच्या नोंदीखाली आद्याक्षरं होती तिचीच.

जुळणी शंभरात अठ्ठावीस. आणि नावाच्या आधी ‘बहुधा’ नव्हतं.

“तो एक शब्द राहिला,” ती म्हणाली, “आणि आता हे नाव चार हजार तीनशे बारा जिवाणूंना लागलंय.”

वर डायरेक्टरबाईंकडे ती आधीच जाऊन आली होती. डायरेक्टरबाई माणूस वाईट नाही, पण तिला घाई असते, जन्मतानाही असणार. जाता जाता कशाला हे उकरून काढताय, आत्या, तुमच्या निरोपसमारंभाच्या भाषणात मी ‘एकही चूक नाही’ असं लिहिलंय, असं काहीसं ती म्हणाली. मग नोंद दुरुस्त करायचा फॉर्म उघडला. आत्याने ‘काम माहीत नाही’ असं टाईप केलं, तर यंत्राने विचारलं, हे नाव बाकीच्या चार हजार तीनशे अकरांशी जुळत नाही, तुमची खात्री आहे का? खात्री आहे म्हटलं तर पुरावा मागितला. आता पुरावा नव्हता ह्याचा पुरावा कुठून आणायचा? तसा रकानाच नाही. डायरेक्टरबाईंनी तोडगा काढला: तेव्हाचा मूळ कागद आणा, मी सही करते. नाहीतर समितीकडे जाईल. समिती तीन महिन्यांनी बसते आणि आत्याचा पासवर्ड बारा दिवसांत बंद होणार. मुलीचा निकाल त्याच्या आधी.

म्हणून अठ्ठावीस वर्षांनी बाई तळघरात.

आता मी फुशारकी मारली खरी, पण मिठाच्या तळ्याची खोकी कुठे ते मलाही नेमकं आठवत नव्हतं. मध्ये एकदा पाइप फुटून पाणी शिरलं होतं, तेव्हा सगळं उचलून हाताला येईल तसं रचलेलं. रोज दुपारी दोन तास ती खाली यायची, नाकाला रुमाल बांधून. मी खोकी काढायची, तिने चाळायची. चार वाजले की मी शेगडी पेटवायचो, आणि ती आपला थर्मास उघडायची. मी एकदा म्हटलं, माझ्या चहात काही विष नाही. ती म्हणाली, चहात नव्हतंच कधी. मला वाटलं, नेहमीसारखी वाकडं बोलतेय. मी आपला तिला नव्या मुलींच्या बातम्या सांगत राहिलो, कोण कोणाबरोबर जेवतं, कोणाचं बिनसलं. ती कागदांवरून मान वर करायची नाही. एकदाच विचारलं, “हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?” मी म्हटलं, ऐकलं. “मग तसं म्हणत जा.”

सहाव्या दिवशी सापडला. खोक्याचा तळ ओला होऊन वाळलेला, कागद एकमेकांना चिकटलेले. तिने बोटाला पाणी न लावता, धीराने एकेक सोडवला. मध्येच थांबली. मी चष्मा चढवून वाकलो. कागदाच्या कडेला, तिच्याच बारीक टोकदार अक्षरात, पेन्सिलीने स्वच्छ लिहिलेलं: ‘बहुधा लोह आत आणणारं’. म्हणजे कागदावर ते होतं. कागदावरून संगणकात चढवताना गळालं.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. आत्या, तुमची चूक नाहीच, म्हटलं, नुसती घाई झाली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तारीख होती आणि तिचं बोट त्या तारखेवर होतं.

“गुरुवार होता,” ती म्हणाली. “चार वाजता मी चहाला खाली आले होते. दारापर्यंतच आले. तुम्ही ड्रायव्हरला सांगत होतात.”

मग मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलोच नव्हतो, फक्त दुसऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते आपलंच आहे याचा विसर पडला होता. मशीनच्या कंपनीचा एक इंजिनिअर दर महिन्याला यायचा. तासाभराचं काम करून तासभर आत्याच्या टेबलाशी उभा राहायचा. लाजरा माणूस, कान लाल व्हायचे त्याचे. एकदा तो तिच्यासाठी ते टोकयंत्र घेऊन आला आणि स्वतः स्क्रू पिळून टेबलाला बसवून गेला. एवढं मी पाहिलेलं. आणि एवढ्यावर मी ड्रायव्हरला सांगितलं, ‘ठरलंय त्यांचं. पुढच्या महिन्यात बार उडणार.’ ड्रायव्हरने कँटीनला सांगितलं, कँटीनने संस्थेला. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा वॉचमनपासून साहेबापर्यंत सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. त्याच्यापुढच्या महिन्यात कंपनीने दुसरा माणूस पाठवला. पण बार उडणार म्हणून गाजलेलं लग्न वाया कसं जाऊ द्यायचं? लोकांनी ते लावून दिलं, मोडून दिलं, वर एक मुलगीही दिली. आणि मी गेटवर उभा राहून माझीच थाप ऐकून चुकचुकलो.

“मग मी वर गेले आणि त्या दिवसाच्या राहिलेल्या नोंदी चढवल्या,” आत्या म्हणाली. “समोरचं नीट दिसत नव्हतं. सतरा चढवल्या. बाकीच्या सोळा मी तपासल्या परवा. त्या बरोबर आहेत.”

पण भोंग्याची खोड जात नाही. मी विचारलंच, “पण आत्या, खरं होतं का काही? त्याच्या मनात?”

ती कागद फायलीत ठेवत होती. “तुम्ही ‘बहुधा’ म्हणाला असतात तरी चाललं असतं,” ती म्हणाली. “त्याने विचारायच्या आधी तुम्ही उत्तर सांगून टाकलंत. आता काय, काम माहीत नाही.”

डायरेक्टरबाईंनी सही केली. भाषणातलं वाक्यही बदलावं लागलं. त्यांना जास्त वाईट त्याचं वाटलं असावं. मूळ नोंद सुधारली त्याच दुपारी आत्याने त्या मुलीला पत्र पाठवलं. मला तिने ते दाखवलं, का ते कळलं नाही, कदाचित आपलं लिहिलेलं कोणीतरी तपासावं ही तिची सवय. त्यात दोनच ओळी होत्या. ‘दोष तुमच्या हातांत नाही, माझ्या हातांत होता. मूळ कागद सोबत जोडला आहे, तो तुमच्या गाइडना दाखवा.’ महिना संपायला तेव्हा पाच दिवस होते.

उत्तर आलं निरोपसमारंभाच्या सकाळी. मुलीने लिहिलं होतं की गाइडनी महिनाअखेरीची वाट पाहिली नाही. तिने दहा दिवसांपूर्वीच जागा सोडली होती आणि आता ती एका औषधाच्या दुकानात काउंटरला होती. परत जाणार नाही म्हणाली. शेवटी: ‘हात ठीक होते एवढं कळलं, बरं झालं. मी ते आईला वाचून दाखवलं.’

समारंभात आत्याला हार घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका नव्या पोरीने डोळे पुसत शेजारणीला सांगितलं, बिचारीला आता घरी कोणीच नाही, मुलगीसुद्धा येत नाही म्हणे भेटायला. मी बाजूलाच होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हटलं की अगं, तिला मुलगी नाही, लग्नच झालं नव्हतं. पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारा आता बरळायला लागला. आत्या तोवर वर आपल्या मजल्यावर गेली होती. टेबलाखाली वाकून, आपल्या पर्समधल्या स्क्रूड्रायव्हरने ते टोकयंत्र सोडवत होती.

मूळ नोंद सुधारली म्हणून बाकीच्या आपोआप सुधारत नाहीत, हे मला नंतर कळलं. ज्याने जिथून उचललं त्याला तिथे जाऊन सांगावं लागतं. तर आत्या घरी बसून हेच करते. चार हजार तीनशे अकरा जिवाणूंची यादी, प्रत्येक कोणी वाचला त्याचा पत्ता शोधायचा, त्याला लिहायचं की तुमच्याकडचं हे नाव काढून टाका, ते माझ्यामुळे लागलं आहे. बहुतेक ठिकाणांहून यंत्राचीच पोच येते: आपला संदेश मिळाला. काही पत्ते मेलेले. काही माणसंही.

मीही लागलो कामाला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही निवृत्त मंडळी संस्थेबाहेरच्या बाकांवर जमतो. मी आधी ड्रायव्हरला धरलं, उगमालाच. म्हटलं, आत्याचं लग्न झालं नव्हतं, ठरलंही नव्हतं, मी पिकवली होती कंडी. तो म्हणाला, भोंग्या, तुझं वय झालं. अरे, मी गेलो होतो त्या लग्नाला. आणि तो जेवणाचं वर्णन करायला लागला. कँटीनवालीने ऐकून घेतलं, पण म्हणाली, एवढे सगळे म्हणतात ते काय खोटं? गेटवरच्या गार्डने नुसती मान डोलावली, पटलं काही नाही. त्याच्या निवृत्तीपर्यंत मी त्याला पटवीनच. एवढ्या महिन्यांत मला पटवता आले ते तीन.

मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेलो होतो. तिसरा मजला, जिना अंधारा. दार अर्धं उघडलं. तिच्या खांद्यावरून आतलं टेबल दिसलं, खिडकीला लावलेलं, त्याच्या कडेला ते टोकयंत्र बसवलेलं, यादीच्या कागदावर बारीक रेघा. किती झाले, मी विचारलं. सहाशे चार, ती म्हणाली. मग तिने विचारलं की तुमचे किती.

“तीन. त्यातला एक बहुधा.”

तिच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं, तेवढंच. मला वाटलं होतं, आत ये म्हणेल. मी चहाची पुडी खिशात घेऊनच गेलो होतो.

“माझा चहा झालाय, स्टोअरकीपर,” ती म्हणाली, आणि दार लावलं, हळूच, आपटलं नाही.

मी जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा वर टोकयंत्राची घरघर सुरू झाली होती.